स्वमग्न प्रौढ : पडद्यावर आणि वाडीत

‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट जून २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीच्या, २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द आपल्याकडील अनेक शिक्षकखोल्यांपर्यंत नेला होता. तोवर ज्याला आळशी किंवा ‘ढ’ ठरवून बाकावर उभे केले जाई, त्याच्याकडे निदान काही शिक्षक तरी दुसऱ्यांदा पाहू लागले. नव्या चित्रपटाकडूनही शिक्षकांनी अशीच काही अपेक्षा ठेवली असेल, तर नवल नाही. ती कितपत पुरी होते आणि कुठे अपुरी राहते, एवढाच या लेखाचा विषय आहे. करमणूक म्हणून चित्रपट कसा आहे, याच्याशी आपल्याला येथे कर्तव्य नाही.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. दिल्लीतील एक उद्दाम बास्केटबॉल प्रशिक्षक दारू पिऊन गाडी चालवतो, पोलिसांच्या गाडीला धडक देतो, आणि न्यायालय त्याला शिक्षा म्हणून बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या संघाला तीन महिने शिकवायला लावते. मूळ कथानक ‘कॅम्पेओनेस’ या २०१८ च्या स्पॅनिश चित्रपटाचे. हिंदी अवताराचे दिग्दर्शक आर. एस. प्रसन्न. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे संघातील दहा खेळाडूंच्या भूमिका अशाच कलाकारांनी केल्या आहेत, ज्यांच्या मेंदूची घडण जन्मतःच निराळी आहे. कोणाला डाउन सिंड्रोम आहे, कोणी स्वमग्न आहे. यापूर्वी ‘माय नेम इज खान’ (२०१०) किंवा ‘बर्फी!’ (२०१२) यांत नामांकित नट-नट्यांनी मान वाकडी करून, नजर चुकवून स्वमग्नता ‘वठवली’ होती. ते दिवस मागे पडत असतील, तर त्याचे श्रेय या चित्रपटाला दिले पाहिजे. दुसरी चांगली गोष्ट अशी की ही मुले नाहीत, मोठी माणसे आहेत. ‘तारे’मधला ईशान आठ-नऊ वर्षांचा होता. आपल्याकडे या विषयावर जे काही लिहिले-बोलले जाते, त्यातले बहुतेक दहावीच्या आत संपते. जणू स्वमग्न मूल अठराव्या वर्षी कुठेतरी विरघळून जाते!

इतके मान्य करून मूळ आक्षेप मांडतो. या चित्रपटात बदल कोणात होतो? प्रशिक्षकात. त्याचा उद्दामपणा जातो, त्याचा संसार सावरतो. खेळाडू त्याला माणुसकी शिकवतात. म्हणजे वेगळ्या घडणीच्या माणसांनी पडद्यावर करायचे काम अजूनही तेच, ‘आपल्याला’ चांगले करण्याचे. त्यांचे स्वतःचे प्रश्न कसे सुटतात, हे पाहायला गेले तर गुड्डूचा प्रसंग समोर येतो. गुड्डू पाण्याला भितो, आंघोळ करत नाही. एका उंदराच्या निमित्ताने ती भीती एका प्रसंगात नाहीशी होते आणि प्रेक्षक सुखावतात. शिक्षकाने मात्र येथे थांबले पाहिजे. पाणी अंगावर पडणे काही जणांना टोचल्यासारखे होते. तांब्यातून पडणारी धार आणि फवारा यांत त्यांना जमीन-अस्मानाचे अंतर जाणवते. कोणाला पाण्यापेक्षा न्हाणीघरातला प्रतिध्वनी असह्य असतो. ही त्वचेची आणि कानाची गोष्ट आहे. भीती समजून तिच्यावर उपाय केला, तर एकदा जमेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. मग घरचे म्हणतील, ‘त्या दिवशी केलीस ना आंघोळ? मग आज काय झालं?’ आणि येथून हट्टीपणाचा शिक्का सुरू होतो.

चित्रपटातील केंद्र चालवणारे कर्तार पाजी हे पात्र खरे तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या माणसांबरोबर रोज काम करणारा, त्यांना ओळखणारा माणूस तोच. पण पटकथेने त्याला नायकाला समजावून सांगणारा सूत्रधार करून टाकले. तो सकाळी केंद्रावर येऊन नेमके काय करतो, हे आपल्याला कळत नाही. अशा माणसाच्या कामाला आपण समुपदेशक-शिक्षकाचे काम म्हणू. समुपदेशक, कारण तो ऐकतो. शिक्षक, कारण तो शिकवतो, आणि शिकवतो ते केवळ त्या प्रौढाला नव्हे, तर त्याच्या घराला, मालकाला, शेजाऱ्याला.

मराठीत हा अभाव आणखी जुना आहे. जयवंत दळवी यांच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवर प्रसाद ओक यांनी २०१७ मध्ये ‘कच्चा लिंबू’ हा चित्रपट केला. मुंबईतील एक जोडपे, एक दिवसा नोकरीवर तर दुसरे रात्री, म्हणजे मुलाजवळ सतत कोणीतरी असावे. आणि मुलगा वयात आलेला. ज्या काळातली ही कथा आहे, त्या काळाच्या भाषेत तो ‘मतिमंद’, स्वमग्न नव्हे. दळवींचे याच विषयावरचे नाटक ‘नातीगोती’ही मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. मुलाचे शरीर मोठे होते, त्याला शरीराच्या मागण्या कळू लागतात, आणि आई-बापांना हे कोणाशी बोलावे ते कळत नाही. एवढ्या उघडपणे हा विषय मांडण्याचे धैर्य ‘सितारे’मध्ये नाही. तरीही दळवींच्या घरात आपण पाहतो ते आई-बापांच्या डोळ्यांनी. मुलाला आतून काय होते, हे विचारणारे कोणी त्या घराची पायरी चढत नाही. कोण चढणार होते? पुनर्वसनाच्या क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी करणारा पुनर्वसन परिषद कायदा १९९२ चा, आणि स्वमग्नतेचे नाव घेणारा राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. दळवींच्या जोडप्याची गाठ यांतल्या कशाशीच पडणे शक्य नव्हते. दळवींना दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यायचा तर त्यानंतर दोन-तीन पिढ्या उलटूनही कथाकारांना त्या पायरीवर कोणी दिसू नये, याला.

बाहेरून पाहण्याची ही सवय आपल्या शब्दातच मुरलेली आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडवला, तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांविषयी. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. आपण त्याचे सरळ भाषांतर केले : स्वमग्नता, आत्ममग्नता. शब्द गोड आहे, म्हणूनच घातक आहे. स्वतःत मग्न कोण असतो? चिंतनात बुडालेला साधू, आरशासमोरची व्यक्ती, किंवा स्वार्थी माणूस. मूल आपल्याकडे पाहत नाही, एवढेच आपण पाहिले आणि निष्कर्ष काढला की ते स्वतःकडे पाहत असणार. वस्तुस्थिती अनेकदा नेमकी उलट असते. ट्यूबलाइटची थरथर, पंख्याच्या पात्याचा खरखराट, शेजारच्या वर्गातले पाढे, शर्टाच्या आतले लेबल या सगळ्या गोष्टी ज्याच्या मेंदूत एकाच जोराने शिरतात, तो बाहेरच्या जगाने भरून गेलेला असतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीने संवेदनांच्या या तीव्रतेला किंवा मंदपणाला निदानाच्या निकषांत प्रथमच स्पष्ट जागा दिली. आपला शब्द मात्र आहे तिथेच आहे. नवा शब्द सुचवण्याच्या भरीस मी पडत नाही. शब्द रुळलेला आहे आणि या लेखातही तोच वापरला आहे. फक्त वर्गात तो उच्चारताना ही विसंगती विद्यार्थ्यांना सांगावी.

येथे अलिबागच्या वेधशाळेची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी एकोणिसाव्या शतकात मुंबईत कुलाब्याला होत असे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने वेधशाळेतल्या नाजूक सुया भलतीकडेच हलल्या असत्या. तेव्हा संचालक नानाभाई मूस आणि त्यांचे सहकारी यांनी काय केले? सुया जाड केल्या नाहीत. ‘एवढं काय लागतं तुला?’ असे सुईला विचारले नाही. त्यांनी सुमारे तीस किलोमीटर दूर अलिबागला नवी वेधशाळा उभारली, लोखंड टाळून चुंबकत्व नसलेल्या दगडात बांधली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा. सुई संवेदनशील आहे हाच तिचा उपयोग आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माणूस म्हणजे सुई नव्हे, आणि उपयोग असेल तरच त्याची सोय करायची असेही नव्हे. पण आधी जागा तपासा, मग उपकरणाला दोष द्या, हा प्रयोगशाळेतला साधा नियम माणसांच्या बाबतीत आपण सहज विसरतो.

आता मोजपट्टीकडे वळू. भारतात स्वमग्नतेची तीव्रता ठरवण्यासाठी ‘इसा’ या नावाने ओळखली जाणारी मापनश्रेणी वापरली जाते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली; २००९ पासून ती प्रचारात आहे. तिच्यात चाळीस विधाने आहेत, सहा गटांत विभागलेली : सामाजिक देवघेव, भावना, भाषा, वर्तन, संवेदना आणि आकलन. प्रत्येक विधानाला ते किती वेळा दिसते यावरून एक ते पाच गुण. म्हणजे कमीत कमी चाळीस, जास्तीत जास्त दोनशे. सत्तरच्या खाली स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. सत्तर गुण म्हणजे चाळीस टक्के अक्षमता, आणि चाळीस टक्के हा कायद्याचा उंबरठा. तो ओलांडला की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अनेक सवलतींचे दार उघडते.

या श्रेणीचे मोल कमी लेखू नये. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. परदेशी चाचण्या महाग. त्यांचे प्रशिक्षण त्याहून महाग. जिल्हा रुग्णालयात वापरता येईल असे देशी साधन मिळाले, ही मोठीच सोय झाली. पण वरिष्ठ विद्यार्थ्यांना मोजमापाचा धडा शिकवायचा असेल, तर या श्रेणीइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पहिला प्रश्न : ही बेरीज कशाची? नजर न भिडवण्याचे चार गुण आणि आवाज सहन न होण्याचे चार गुण यांचे एकक एकच आहे काय? शंभर गुणांची दोन माणसे एकमेकांपासून इतकी वेगळी असू शकतात की एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय. दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. गुण देतो कोण? पाहणारा. एखादी पस्तीस वर्षांची शिक्षिका घ्या (अशा शिक्षिका आहेत, आणि हे वाचणाऱ्यांतही असतील). लहानपणी मार खाऊन, हसे होऊन, तिने समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध पाहायला शिकून घेतले. लोकांना वाटते ती डोळ्यांत पाहते. हसण्याच्या जागा तिने पाठ केल्या. शाळा सुटल्यावर घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत दोन तास पडून राहते, तेव्हा तिला दुसऱ्या दिवशीचे बळ येते. श्रेणीवर तिला ‘नजर’च्या रकान्यात एक गुण मिळेल. त्या दोन तासांचा रकाना श्रेणीत नाही. वर उल्लेखलेल्या निदानपुस्तिकेनेही हे मान्य केले आहे की शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे मोठेपणी लक्षणे झाकली जाऊ शकतात. एकोणसत्तर गुण पडले म्हणजे तिला काही नाही, असे ठरत नाही; श्रेणीला ते दिसले नाही, एवढेच ठरते.

मग न समजण्याचा दोष कोणाचा? डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ मध्ये असे मांडले की ही अडचण दुहेरी असते : स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, तसे इतरांनाही त्याचे कळत नाही. फक्त बहुसंख्यांच्या न कळण्याला कोणी रोग म्हणत नाही. यावर एडिंबरा येथील संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. आपण मुलांना ‘कानगोष्ट’ खेळायला लावतो, तसाच. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. काही केवळ स्वमग्न प्रौढांच्या, काही इतरांच्या, काही मिश्र. पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. २०२० मध्ये निष्कर्ष आला की स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच टिकते; मिश्र साखळीत मात्र ती लवकर झिजते. बातमी जगभर गेली. त्यानंतर हाच प्रयोग ३११ जणांवर अधिक काटेकोरपणे केला गेला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत फरक आढळला नाही, मिश्र साखळीही मागे पडली नाही. पहिला निष्कर्ष ज्यांना आवडला होता त्यांची थोडी निराशा झाली असेल. पण स्वमग्न माणसे माहिती पुढे पोहोचवण्यात कमी पडत नाहीत, ही गोष्ट दोन्ही वेळा टिकली. विज्ञान कसे चालते याचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्याहून बरा आहे.

आतापर्यंत काय दिसत नाही ते सांगितले. दिसायला हवे ते कसे असते, याची सर्वांत जुनी नोंद स्वमग्नतेच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे, पण ती फारशी सांगितली जात नाही. लिओ कॅनर याने १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेची आधुनिक ओळख करून दिली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या फॉरेस्ट या लहानशा गावचा, जन्म १९३३. १९४२ मध्ये आई-वडिलांनी त्याला गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. कॅनर १९४५ मध्ये तेथे गेला, तेव्हा त्याने जे पाहिले ते असे : डोनाल्डला मोजण्याचा छंद होता. त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला शेताच्या एका कोपऱ्यात त्यांचे दफन करायला जागा दिली. तो मक्याच्या रांगा पुन्हापुन्हा मोजत बसे. त्यांनी सांगितले, नांगर धर आणि मोज. छंद सोडवला नाही. छंदाला जागा दिली. गावातल्या शाळेनेही त्याच्या तऱ्हा चालवून घेतल्या.

१९७१ मध्ये कॅनरने त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले ते लिहिले. डोनाल्ड पदवीधर होऊन बँकेत नोकरीला होता. पुढे तो गाडी चालवायला शिकला, एकटा देशोदेशी हिंडला, गोल्फ खेळला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. ज्यांना सरकारी मनोरुग्णालयांत ठेवले गेले, त्यांचे होते तेही कौशल्य लोपले, असे कॅनरने खेदाने नोंदवले. येथे चिकित्सक वाचक हात वर करील, आणि त्याने करावाच. अकरा मुले म्हणजे प्रयोग नव्हे. ट्रिपलेट घराणे श्रीमंत होते, बँक घरचीच म्हणावी अशी होती. रुग्णालयात गेलेली मुले मुळातच अधिक अडचणीतली असू शकतात. हे सारे खरे. तरीही त्या शेतकरी जोडप्याने काय केले, ते स्वच्छ दिसते आणि ते कोणालाही करून पाहता येण्याजोगे आहे. त्यांच्यापाशी ना पदवी होती, ना चाळीस विधानांची श्रेणी.

आता हीच गोष्ट आपल्याकडे आणू. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की आक्षीनंतर नागाव येते. अष्टागरातले जुने गाव; नारळ-पोफळीच्या वाड्या, विहिरी, आणि वाडीच्या टोकाशी समुद्र. पूर्वी रहाटाची करकर आणि समुद्राची गाज, एवढाच आवाज. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारींसकट माणसे आणणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून तर ही ये-जा फारच सोपी झाली. अनेक वाड्यांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या आहेत. गावाला पैसा मिळतो, त्याविषयी तक्रार नाही.

समजा, अशा एका वाडीत तिशीचा एक माणूस आहे. त्याला केशव म्हणू. घरात त्याला अजून ‘बाबू’ म्हणतात. पाहुणे त्याच्या आईला विचारतात, ‘हा जेवला का?’ तो समोरच बसलेला असतो. तो पोफळीच्या रांगा मोजतो, रोज, त्याच क्रमाने. शनिवारी संध्याकाळी तो कानावर हात मारून घेतो, कधी पंपाच्या खोलीत जाऊन दार लावतो. घरचे म्हणतात, त्याला माणसे आवडत नाहीत.

समुपदेशक-शिक्षिका येथे आली, तर तिचे पहिले काम हाक बदलण्याचे. ‘केशवदादा, मी इथे बसू का?’ उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ गप्प बसणे, हे तिच्या शिक्षणातले सर्वांत अवघड प्रात्यक्षिक. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हा समुपदेशनाचा लाडका प्रश्न येथे बहुधा निकामी ठरतो, कारण आतल्या खळबळीला राग, भीती, दुःख अशी नावे देणे अनेक स्वमग्न प्रौढांना जमत नाही. त्यापेक्षा ‘छाती धडधडते का? पोटात दुखतं का? किती वाजता?’ असे विचारले तर उत्तर मिळते. बोलून नाही तर बोटाने, चित्रावर, वहीत. मग ती दोन आठवडे एक वही ठेवायला सांगते : वेळ, आवाज, उजेड, जेवण, आणि ‘त्या’ गोष्टीच्या अगदी आधी काय घडले. वही भरली की कदाचित दिसेल की माणसांचा काही संबंध नव्हता. आवाज होता पाहुण्यांच्या स्पीकरचा. आणि त्याहून अधिक, पाहुणे कधी येणार व कधी जाणार हे केशवला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

उपाय ऐकायला किरकोळ वाटतील. स्वयंपाकघराच्या दारावर शुक्रवारी एक कागद : किती माणसे, किती वाजता येणार, कोणत्या खोलीत, किती वाजता जाणार. स्पीकर नऊला बंद. मागच्या पडवीत त्याची एक जागा, जिथे पाहुण्यांनी जायचे नाही. रांगा मोजण्याचे काय? वाडीला पाणी देताना कोणत्या आळ्याला पोहोचले, कोणत्या पोफळीचा घड पिकला, हे टिपून ठेवणारा माणूस प्रत्येक वाडीमालकाला हवाच असतो. केशवकडे वही द्यावी. मात्र येथे एक सावधगिरी, जी डोनाल्डच्या गोष्टीत कोणी सांगत नाही : काम केले तर मजुरी. घरचाच आहे म्हणून फुकट राबवायचे आणि त्याला ‘उपचार’ म्हणायचे, हे चालणार नाही. मजुरी त्याच्या हातात किंवा त्याच्या खात्यात, आणि ती कशावर खर्च करायची हे तो ठरवणार, मग ती सगळी एकाच रंगाच्या पेनांवर गेली तरी. आणि वही नको म्हणाला तर नको. ज्याला जन्मभर ‘शहाण्यासारखं वाग’ एवढेच सांगितले, त्याला ‘नको’ म्हणायला शिकवणे, हा अभ्यासक्रमातला सर्वांत मोठा धडा आहे. अंगाला कोणी हात लावला तर नको म्हणायचे असते, हे त्याच धड्यातले पुढचे पान. दळवींच्या घरात जी गोष्ट कोणी उच्चारू शकले नाही, तीही याच पानावर येते : शरीराला काय होते, त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, आणि त्यासाठी दार लावलेली खोली असते, पडवी नव्हे. हे सरळ, साध्या शब्दांत, चित्र काढून सांगितले तर समजते. सूचक बोलणे मात्र येथे पूर्णपणे वाया जाते. ‘असं करू नये’ म्हणजे कसे, हेच कळत नाही.

आणि मग अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा प्रश्न. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांवरील व्यक्तीला कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो. आई-वडील थकले की ‘आमच्या मागे याचं काय?’ या काळजीने ते हा अर्ज करतात. काळजी खरी आहे, तिची थट्टा कोणी करू नये. पण पालक नेमला की केशवच्या वतीने सही दुसऱ्याची होते. २०१६ च्या कायद्याने दुसरी एक वाट ठेवली आहे : मर्यादित पालकत्व, ज्यात निर्णय दोघांनी मिळून, परस्परविश्वासाने घ्यायचा, ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता. जमीन विकायची असेल तेव्हा भावाने केशवबरोबर बसून त्याला नकाशा दाखवावा, ‘या रांगा जातील, या राहतील’ असे सांगावे. रांगा त्याच्याइतक्या कोणाला ठाऊक आहेत? बँकेतून पाचशे रुपये काढायला मात्र कोणाची सही लागू नये. घरोघरी बसून हा फरक समजावून सांगणे हेही समुपदेशक-शिक्षकाचेच काम, आणि तालुक्याच्या गावी हे करणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीही सापडत नाहीत.

कोणी म्हणेल, या सगळ्यावर चित्रपट निघणार कसा? दोन आठवडे वही भरण्यात नाट्य कुठे आहे? मला ते मान्य नाही. दारावरचा कागद वाचून केशव शनिवारी प्रथमच पाहुण्यांसमोर ओटीवर येऊन बसतो, पाच मिनिटे, आणि उठून जातो, यात अंतिम सामन्याहून कमी ताण नाही. दिग्दर्शकाला फक्त ती पाच मिनिटे केशवच्या कानांनी ऐकवता आली पाहिजेत. ‘सितारे’च्या दहा कलाकारांनी हे सहज करून दाखवले असते, त्यांना कोणी तसे विचारल्याचे पडद्यावर दिसत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना करतो. तिला खर्च एका कागदाचा आहे. आपल्या शाळेतून असा एखादा विद्यार्थी बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावर जन्मतारीख असते, वर्तणूक ‘चांगली’ असते. त्याच्याबरोबर, विद्यार्थ्याची संमती घेऊन, एक साधे पान द्यावे : कोणता आवाज त्याला सोसत नाही, सूचना तोंडी कळते की लिहिलेली, एका वेळी किती, थकला की काय दिसते, आणि मग त्याला किती वेळ कुठे बसू द्यावे, ‘नको’ तो कसे सांगतो. वर्गशिक्षकाला हे सारे पाच-सात वर्षांत ठाऊक झालेले असते आणि निरोपसमारंभानंतर ते त्याच्याबरोबरच शाळेत राहून जाते. पान लिहिताना पहिली ओळ विद्यार्थ्याला लिहू द्यावी, आणि ती शुद्धलेखनासकट तशीच ठेवावी.